ताप गेला आणि पाय गेले: मज्जारज्जूच्या सुजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूरो फिजिओथेरपी करते. पेशंट माझ्यापर्यंत पोचतो तोवर सलाइन आणि स्टेरॉइड संपलेलं असतं आणि घरच्यांचे प्रश्न सुरू झालेले असतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि बरेचदा व्यायामाच्या खोलीच्या दाराशी उभ्या उभ्या विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. कोणतं औषध, किती डोस हा न्यूरोलॉजिस्टचा प्रांत. आत्ता या क्षणी घरात कुणाचे पाय जड पडलेत आणि लघवी होत नाहीये अशी स्थिती असेल, तर प्रश्न ५ तेवढा वाचा आणि निघा.

१. डॉक्टर म्हणतात मणक्याला सूज आहे. पण एक्स-रे नॉर्मल आला. मग झालंय कुठे?

'मणक्याला सूज' हे घाईत बोललं जातं. मणके म्हणजे हाडं. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली जी दोरी येते ती मज्जारज्जू. करंगळीएवढी जाड, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपणारी. सूज येते ती या दोरीला. एक्स-रेत हाडं दिसतात, दोरी दिसत नाही. तो नॉर्मलच येणार.

आजाराचं नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस. मायलायटिस म्हणजे मज्जारज्जूचा दाह, ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवा. बोरघाटात दरड कोसळली की पुणंही जागेवर असतं, मुंबईही असते, फक्त गाड्या अडकतात. इथेही तसंच. मेंदू शाबूत, पायाचे स्नायू शाबूत, मधला रस्ता बंद. म्हणून सुजेच्या वरचं शरीर नेहमीसारखं चालतं आणि खालचं चालणं, स्पर्श, लघवी-संडासवरचा ताबा असं सगळं एकदम बिघडतं. वर्षाला दहा लाखांत १ ते ८ जणांना होणारा आजार आहे. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो आधी कधी पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही.

२. ताप उतरून दहा दिवस झाले होते, कामावरही जायला लागले होते. मग आजार उलटला कसा?

ताप उलटलेला नसतो. बहुतेकदा विषाणू तोवर गेलेला असतो आणि नुकसान करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. विषाणूच्या अंगावरचे काही भाग आणि आपल्या मज्जातंतूंच्या आवरणाचे काही भाग दिसायला सारखे असतात. विषाणूविरुद्ध तयार झालेल्या पेशी आणि अँटिबॉडी मग घरच्याच माणसाला चोर समजून धरतात. ही फौज उभी राहायला वेळ लागतो, म्हणून तापानंतर साधारण एक ते चार आठवड्यांचं अंतर पडतं.

दुसरा प्रकार म्हणजे विषाणू थेट मज्जारज्जूत शिरतो. नागिणीच्या विषाणूचं असं होऊ शकतं, पोलिओचा विषाणू तर त्यासाठीच कुप्रसिद्ध. तेव्हा ताप आणि अशक्तपणा हातात हात घालून येतात. दोन्हींत उपचार बदलतात, ते प्रश्न ९ मध्ये.

३. कोणत्या तापानंतर असं होतं? आम्हाला तर साधा व्हायरल होता.

यादी लांब आहे: कांजिण्या आणि नागीण, हर्पीज, एप्स्टीन-बार, सायटोमेगॅलो, एंटेरोव्हायरस गटातले, इन्फ्लुएन्झा, गोवर, गालगुंड, डेंगी, चिकुनगुन्या, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, कोविड. आपल्याकडे पावसाळा सरता सरता डेंगी-चिकुनगुन्याची साथ असते, तेव्हा 'सांधे धरलेत म्हणून चालता येत नाही' आणि 'पायात ताकद नाही म्हणून चालता येत नाही' यांत घरच्यांचा आणि कधी कधी डॉक्टरांचाही गोंधळ उडतो. सांधेदुखीत पाय दुखत दुखत का होईना उचलला जातो. इथे दुखत नाही आणि उचलतही नाही.

आणखी दोन गोष्टी. नागिणीचा विषाणू अंगावर पुरळ न उठताही मज्जारज्जूला सूज आणू शकतो. आणि कित्येक पेशंटमध्ये सगळ्या तपासण्या करूनही विषाणूचं नाव सापडतच नाही. त्यामुळे उपचार अडत नाहीत.

४. सुरुवातीला ओळखायचं कसं?

पाठीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये दुखणं, तळपायांना मुंग्या, पाय जड. छातीला किंवा पोटाला कुणी करकचून पट्टा आवळल्यासारखं वाटतं, आणि गॅस समजून दोन दिवस जिरं-ओवा चालतो. पायातली चप्पल निसटते आणि निसटलेली कळत नाही.

एका पेशंटनी सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. आंघोळीला बसले, पहिला तांब्या अंगावर घेतला. पाणी छातीवर चटका लागावा इतकं कढत आणि बेंबीखाली कोमट. त्यांना वाटलं पाणी नीट विसणलं गेलं नाही, म्हणून बादली ढवळून दुसरा तांब्या घेतला. तरी तेच. कढत आणि कोमट यांच्यामधली ती रेघ म्हणजेच मज्जारज्जू कुठल्या पातळीवर सुजली आहे त्याची खूण. डॉक्टर टाचणी टोचत खालून वर येतात ते हीच रेघ शोधायला.

सगळ्यात महत्त्वाचं लक्षण मात्र कुणी आपणहून सांगत नाही: लघवीला बसलं तरी धार सुरू होत नाही. सुनेला सासऱ्यांना विचारायचा संकोच, मुलाला आईला विचारायचा संकोच, आणि पेशंटला वाटतं पाणी कमी प्यालो असेन. विचारा. पाय जड आणि लघवी अडकलेली, हे दोन्ही एकत्र असेल तर दुखणं मज्जारज्जूचं आहे असं धरूनच पुढे चाला.

५. लघवी अडकली आहे. घरी किती वेळ वाट बघावी?

अजिबात नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, आणि जवळ न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय दोन्ही आहेत अशा ठिकाणी. ते लांब असेल तर वाटेत कुठल्याही दवाखान्यात नळी घालून घ्या आणि पुढे जा.

धन्याचं पाणी, जवाचं पाणी, लघवी सुटायचं औषध यांतलं काही देऊ नका. किडनी लघवी बनवतेच आहे. अडकली आहे ती पिशवीत. साधारण ४००–५०० मिली झाली की एरवी आपल्याला राहवत नाही. इथे संवेदनाच नसते, म्हणून ती लिटरभर तट्ट फुगते आणि पेशंट म्हणतो, 'मला लघवीच लागली नाही.' ताणली गेलेली पिशवी नंतर महिनोन् महिने नीट आकुंचन पावत नाही. कधी कधी भरून वाहायला लागते, थेंब थेंब कपडे ओले होतात आणि घरचे म्हणतात, 'होतेय की!' तेही अडकणंच आहे. बेंबीखाली हात ठेवून बघा, गोळा लागतो.

६. तालुक्याला जीबीएस सांगितलं, शहरात मायलायटिस. कुणाचं खरं?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हापासून पाय गेले की पहिलं नाव तेच येतं. दोन्ही आजार संसर्गानंतर येतात, दोन्हींत पाय लुळे पडतात. जीबीएसमध्ये दुखापत मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांना असते. अशक्तपणा पायांतून हातांकडे चढतो, चेहरा वाकडा होऊ शकतो, श्वासावर येऊ शकतं. पण 'इथपर्यंत कळतं, इथून खाली कळत नाही' अशी स्पष्ट रेघ नसते आणि लघवी सहसा सुरुवातीलाच अडकत नाही.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. मायलायटिसच्या पहिल्या दिवसांत मज्जारज्जू 'शॉक'मध्ये असते. पाय अगदी सैल, गुडघ्यावर हातोडी मारली तरी उडत नाही, म्हणजे हुबेहूब जीबीएस. तालुक्याच्या डॉक्टरांनी सैल पाय पाहून तसं म्हटलं असेल तर ते वेड्यासारखं नव्हतं. निवाडा एमआरआय करतो. आणि तो हवाच, कारण जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही आणि इथे पहिलं औषध तेच.

७. कमरेचा एमआरआय केला, त्यात काही नाही म्हणाले. आता पुन्हा सगळ्या पाठीचा सांगतायत. पैसे काढायचे धंदे आहेत का?

या बाबतीत नाही. पाय गेले म्हणून कमरेचा फोटो काढायचा हा नेहमीचा घोटाळा. प्रश्न १ मध्ये आलंच आहे की मज्जारज्जू कमरेच्या वरच्या टोकालाच संपते. पाय लुळे पाडणारी सूज बहुतेकदा छातीच्या मागे असते, म्हणजे त्या फोटोच्या चौकटीबाहेर. मानेपासून खालपर्यंत पूर्ण पाठ, शिवाय मेंदू, आणि शिरेतून रंग देऊन, असा एमआरआय लागतो.

त्याचं पहिलं काम सूज दाखवणं हे नाहीच. मज्जारज्जूवर बाहेरून काही दाबत तर नाही ना, हे आधी बघायचं: सरकलेली गादी, गाठ, मणक्याच्या टीबीचा पू. दाब असेल तर न्यूरोसर्जनला तातडीने बोलवावं लागतं. दुसरं, सूज किती लांब आहे. तीन किंवा जास्त मणक्यांइतकी लांब असेल तर प्रश्न १३ नीट वाचा.

८. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो म्हणतात.

सुई मज्जारज्जू जिथे संपते त्याच्या खाली, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. तिथे दोरी नसतेच, पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या बाजूला सरकतात. नंतर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं. ज्यांचे पाय 'पाणी काढल्याने' गेले असं ऐकिवात येतं, त्यांचं पाणी पाय गेले म्हणूनच काढलेलं असतं. त्या पाण्यातल्या पेशी आणि प्रथिनांवरून दाह कळतो, पीसीआरने विषाणू शोधता येतो.

९. संसर्गातून झालेल्या आजारात स्टेरॉइड? त्याने तर प्रतिकारशक्ती कमी होते ना?

ती कमी करायचीच आहे. नेहमीचा कोर्स म्हणजे मिथिलप्रेडनिसोलोन, मोठ्या माणसाला रोज १ ग्रॅम शिरेतून, ३ ते ५ दिवस; मुलांना वजनाप्रमाणे. साखर वाढते, झोप उडते, चिडचिड होते. डायबेटिस असेल तर इन्सुलिन लागू शकतं. नागीण किंवा हर्पीजचा संशय असेल तर ॲसायक्लोव्हिर सोबतच सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

१०. पाच बाटल्या झाल्या, पायाचं बोटही हललं नाही.

लगेच विचारायचा प्रश्न: प्लाझ्मा बदलायचा का? रक्त मशीनमधून फिरवून त्यातला अँटिबॉडी असलेला द्रव काढतात, एक दिवसाआड साधारण ५ ते ७ वेळा. काही ठिकाणी इम्युनोग्लोब्युलिन देतात. जास्त गंभीर असेल तर डॉक्टर स्टेरॉइड संपायची वाट न बघताही हे सुचवतात. खर्च मोठा आहे. म्हणून सरकारी किंवा ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवूनच विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आणि बोट न हलणं हा पाचव्या दिवशीचा निकाल नसतो. पुढचा प्रश्न बघा.

११. चालायला कधी लागतील?

तारीख मागू नका, मी देत नाही. ढोबळ हिशोब असा सांगतात: एक तृतीयांश लोक जवळजवळ पूर्ण बरे होतात, एक तृतीयांशांना काठी, लघवीचा त्रास, पायातला ताठरपणा असं काहीतरी राहतं, एक तृतीयांशांना मोठं अपंगत्व येतं. सुधारणा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते आणि दोन वर्षांपर्यंत होत राहते. फार वेगाने पाय गेले असतील किंवा तीन महिने काहीच हललं नसेल, तर अवघड असतं.

एक सावधगिरी. काही आठवड्यांनी सैल पाय ताठ व्हायला लागतात, पांघरूण ओढलं तरी पाय आपोआप उडतो. घरात आनंदीआनंद होतो, देवाला नारळ फुटतो. तो झटका मज्जारज्जूच्या स्वतःच्या प्रतिक्षेपाचा (रिफ्लेक्सचा) असतो, मेंदूच्या हुकुमाने झालेला नसतो. 'अंगठा वर करा' म्हटल्यावर अंगठा वर झाला, तर मला फोन करा. तो मिलिमीटरभर हलला तरी चालेल.

१२. घरी आणल्यावर काय करायचं? मालिशवाला लावला आहे, शेकही देतो.

शेक आज बंद करा. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावून पोटरीची कातडी सोलून निघालेली मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिली आहे. पेशंटला कळत नाही, घरच्यांना वाटतं छान शेक बसतोय. सुजलेल्या पोटरीला मालिशही नको. एकच पाय सुजला, गरम लागला, तर शिरेत गुठळी असू शकते आणि रगडून ती फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टर, मग तेल.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, घोटे रोज उजेडात बघायचे. दाबून फिकट न होणारा लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढून टाकणं बरं. नर्सकडून एकदा शिकून घ्या, आठवड्यात हात बसतो. लघवीत जळजळ कळणार नाही, त्यामुळे संसर्ग ओळखायचा तो गढूळपणा, उग्र वास, थंडी-ताप आणि अचानक वाढलेल्या पायाच्या झटक्यांवरून. व्यायाम दवाखान्यात असतानाच सुरू व्हायला हवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. परवडत नाही म्हणून फिजिओ सोडणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावं.

१३. पुन्हा होईल का?

तापानंतर आलेला मायलायटिस बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. पण मूळ आजार दुसराच असेल तर पुन्हा येतो. म्हणून अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन अँटिबॉडींची रक्ततपासणी झाली का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. लांबच लांब सूज, कधी एका डोळ्याची नजर गेल्याचा इतिहास, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी-उलटी, यांतलं काही असेल तर नक्कीच. अ‍ॅक्वापोरिनची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली. तोवर अशा लोकांवर मल्टिपल स्क्लेरोसिसचा शिक्का बसायचा आणि त्या आजाराची काही औषधं यांना उलट अपाय करतात. तपासणी पॉझिटिव्ह आली तर औषध वर्षानुवर्षं चालतं. बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.

१४. पाय दहा मिनिटांत गेले. / पाय सहा महिन्यांत हळूहळू गेले. हाच आजार का?

बहुधा दोन्ही नाहीत. मायलायटिस वाढत जाऊन सगळ्यात वाईट अवस्थेला पोचायला चार तासांपासून २१ दिवसांपर्यंत वेळ घेतो, असा निकष आहे. मिनिटांत झालं तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला का ते बघतात. महिन्यांत झालं तर बी-१२ ची कमतरता, टीबी, गाठ, एचआयव्ही अशा वाटेने शोध जातो. बी-१२ तर आपल्याकडे शाकाहारी घरांत हमखास तपासावं.

१५. मुलाचे पाय गेले आणि सरकारी माणसं येऊन शौचाचे नमुने घेऊन गेली. पोलिओ आहे का?

घाबरू नका, त्यांना नकारही देऊ नका. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की कारण काहीही असो, नोंद होते आणि लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने दोन नमुने घेतात. भारतात पोलिओच्या रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. पुन्हा शिरकाव झाला तर कळावा, म्हणून ही चाळणी अजून चालू आहे. मुलांमध्ये बरं होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा साधारण चांगलं असतं.

१६. लसीमुळे होतो ना? आता पुढच्या लसी घ्यायच्या की नाही?

प्रश्न पोकळ नाही. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला आठवतं. ती लस १९११ साली कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केली, मेंढीच्या मेंदूपासून. त्यातल्या मज्जेच्या अंशामुळे काहींना खरोखरच लकवा व्हायचा. ती बंद झाली. आजच्या रेबीजच्या लसीत मेंदूचा अंश नसतो, आणि कुत्रा चावल्यावर ती टाळणं म्हणजे जिवाशी खेळ. सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची कोविड लसीची चाचणी अशाच एका रुग्णामुळे थांबली, पुण्याच्या सीरमची चाचणीही काही दिवस थांबली होती. पुढे २०२२ मध्ये युरोपच्या नियामकांनी मायलायटिस त्या लसीच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांत लिहिला.

दुसऱ्या पारड्यात गोवर, कांजिण्या, फ्लू आहेत, आणि तेही मायलायटिस करतात. ज्या लसीनंतर काही आठवड्यांत आजार झाला, तिचा पुढचा डोस न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. बाकीच्या लसी कायमच्या बंद करायचं कारण नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर जिवंत विषाणूच्या लसी थांबवतात.

१७. दोन वर्षांनी एप्रिलच्या उन्हात पाय पुन्हा जड झाले. आजार परत आला?

सावलीत, पंख्याखाली, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून तासाभराने बघा. आवरण झिजलेल्या नसा उष्णतेत नीट संदेश नेत नाहीत, थंड झाल्या की पूर्ववत होतात. तापातही असंच होतं आणि तो ताप अनेकदा लघवीच्या संसर्गाचा असतो. २४ तासांहून जास्त राहिलं किंवा नवीनच जागा बधिर झाली, तर मात्र एमआरआय.

१८. विचारायला लाज वाटते, पण... संसाराचं काय?

विचारा, आणि जोडीने विचारा. इच्छा राहते, संवेदना आणि ताठरता यांवर परिणाम होतो, आणि त्याला गोळ्यांपासून इतर उपाय आहेत. बाईला दिवस राहू शकतात, फक्त चालू औषधं आधी तपासून घ्यावी लागतात. पाळी परत आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं समजून दोघी-तिघी फसल्या आहेत.

१९. त्यांचं दुखणं मानेखाली आहे. मधूनच डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. बीपीची गोळी देऊ का?

आधी लघवी बघा. सूज छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर खाली कुठेही त्रास झाला की रक्तदाब एकदम चढतो. तुंबलेली लघवी, घट्ट संडास, रुतणारं नख, काहीही पुरतं. ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-नाडी सैल करा, लघवीची नळी चाचपून बघा. उतरलं नाही तर दवाखाना. हे जिवावर बेतू शकतं. माझ्याकडे एकदा व्यायाम चालू असताना एकांचं प्रेशर १९० वर गेलं. नळी व्हीलचेअरच्या पायटेकणीत अडकून दुमडली होती. सरळ केली, पिशवी भसकन भरली आणि त्यांनी विचारलं, 'मॅडम, पंखा लावलात का?'